ठेवीचा फोटो

समृद्धीची पाठ मला रस्त्याच्या पलीकडून दिसली. मी वडापाव आणायला गेले होते. पैसे देऊन वळले, तर आमच्याच स्टुडिओच्या काचेतल्या मोठ्या टीव्हीवर ती पाठ, खांद्यापासून कमरेपर्यंत काळीनिळी. खांद्यावरून मागे वळून बघणारा तिचा चेहराही होता, फुटलेल्या ओठासकट. ती गेली आणि कुणाच्या तरी बाळाचा पहिला वाढदिवस आला, मग हळदीतली एक नवरी, मग परत समृद्धी.

जुन्नर रस्त्याला त्या वेळी टोमॅटोच्या पिकअप एकामागे एक लागलेल्या असतात. मी त्यांच्या मधूनच पळत सुटले. एकाने करकचून ब्रेक मारून माझ्या आईचा उद्धार केला, केला तर केला. आत शिरले आणि टीव्हीची वायरच उपटली. बाहेर रिक्षा स्टँडवर तीन-चार पोरं बसली होती. त्यातला एक मोबाइलमध्ये मान घालून होता आणि बाकीचे मुद्दाम दुसरीकडे बघत होते. ते मुद्दाम बघणं मला फार लागलं.

"खाला," मी आत ओरडले, "माती खाल्ली मी. चांगली घमेलंभर."

खाला म्हणजे जोहराबी. स्टुडिओ तिचाच, मी तिच्याकडे नोकरीला लागले ती फोटोशॉप शिकायला आणि मग इथलीच झाले. अधूनमधून कुठलंतरी मंडळ येतं, तिला शाल देतं, भाषणात 'तालुक्यातील पहिल्या महिला छायाचित्रकार' म्हणतं, आणि त्याच कार्यक्रमात तिचा डोळे मिटलेला फोटो काढून पेपरला देतं. तिने काय काढलं, कसं काढलं, हे कुणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

तिच्या नवऱ्याचा, नवाबभाईंचा, जुन्नरला स्टुडिओ होता. हजच्या अर्जाला फोटो लागायचा आणि पडद्यातल्या बायका परक्या पुरुषासमोर तोंड उघडून बसायला तयार नव्हत्या. गिऱ्हाईक परत जायला लागलं तेव्हा नवाबभाईंनी बायकोला कॅमेरा शिकवला. मग बाई फोटो काढते म्हटल्यावर हिंदू घरांतूनही बोलावणी आली. लग्न ठरवायच्या मुली, बाळंतिणी, तोंडावर देवीचे व्रण असलेल्या पोरी. खाला एसटीने कॅमेरा मांडीवर घेऊन घोडेगावला जायची, मंचरला जायची, खोडदला जायची. माजघराचं दार लावून घ्यायची आणि फोटो काढायची. नवाबभाई गेल्यावर तिने दुकान इथे, वारूळवाडीला आणलं. आता तिचे हात थरथरतात, जुना कॅमेरा कपाटावर आहे, आणि ती दिवसभर आतल्या खुर्चीत बसून माझ्या कामाला नावं ठेवते.

समृद्धी सकाळी आली, मी शटर वर करत होते तेव्हा. चोवीस-पंचवीसची पोर, पंजाबी ड्रेस, तोंडाला स्कार्फ. आमच्याकडे स्कूटीवरच्या सगळ्याच पोरी स्कार्फ बांधतात, म्हणून मला काही वाटलं नाही.

"जोहराबी हायेत का? मी खोडदच्या साळुबाईची नात. आजीनं पाठवलंय. ठेवीचा फोटो काढायचाय म्हणून सांग म्हणली."

मला काही कळेना. खालाने मात्र चहाची बशी खाली ठेवली. "हर्षाली, शटर खाली घे."

शटर खाली घेतलं तेव्हा समृद्धीने स्कार्फ सोडला. मग पाठ फिरवून उभी राहिली, कुर्ता वर केला. माझ्या तोंडून शिवी गेली. खालाने असं बघितलं की मला कळलं, हे ती पहिल्यांदा बघत नाहीये.

नवरा कळंबचा, आदेश नाव. टोमॅटोच्या गाड्या आहेत, चार लोकांत उठबस आहे, कुणाच्या घरी दुखलंखुपलं तर आधी हा धावतो. "बाहेर इचारलं तर कुणाला पटायचं न्हाई," समृद्धी म्हणाली. दवाखान्यात तिने गाडीवरून पडले म्हणून सांगितलं होतं. माहेरीही तेच. "बाबा माझ्याकडं नीट बघत पण न्हाईत. बघितलं तर इचारावं लागंल ना. धाकटीचं जमवायचं चाललंय."

"मग मोबाइलमध्ये काढून ठेवायचे गं फोटो," मी म्हटलं.

"माझा फोन त्याच्या फोनला जोडलाय, ताई. मी काय काढलं की तिकडं दिसतं. कॉल पण कळतात. मला चुकून पण फोन करू नका."

तेव्हा खालाने मला ठेव म्हणजे काय ते सांगितलं. बाईसमोर बाई बसली की पदर सैल होतो, आणि तिला नको ते दिसायला लागतं. असंच एकदा एक बाई म्हणाली, हे पण काढून ठिवा, माझं काय बरंवाईट झालं तर माझ्या भावाला द्या. मग एकीकडून दुसरीला कळलं. आसपासच्या तालुक्यांतल्या कितीतरी बायकांनी अशी ठेव ठेवली. फोटोवर नाव लिहायचं नाही, पण चेहरा आलाच पाहिजे, हा खालाचा नियम. साळुबाईचाही होता त्यात.

समृद्धी ऐकत होती. मग तिने विचारलं, "म्हंजे मी मेल्यावर तुमी त्यो दाखवणार?"

"हां बेटा."

"मेल्यावर मला काय करायचाय?"

साठ वर्षांत खालाला हे कुणी विचारलं नसावं. समृद्धीच म्हणाली, "तरी काढा. काढून ठिवा. पण मी जगले पायजे, जोहराबी. मला जगायचंय."

फोटो मी काढले, डिजिटलवर. खाला खुर्चीतून सांगत होती. "नुसती पाठ कुणाची बी असती. मान वळव बेटा. माझ्याकडं बघ." समृद्धी मान वळवून बघायची आणि मी बटण दाबायचे. रविवारी नवरा न्यायला येणार आहे, तोवर मी खोडदलाच आहे, असं सांगून ती स्कार्फ बांधून गेली.

आणि मी काय केलं? रोजच्या सवयीने कार्ड काढलं, कॉम्प्युटरला लावलं, सगळे फोटो 'आजचे' नावाच्या फोल्डरमध्ये टाकले आणि पोटात कावळे ओरडत होते म्हणून वडापाव आणायला गेले. त्या फोल्डरमध्ये जे पडेल ते टीव्हीवर फिरतं. ती सोय मीच केली होती, गिऱ्हाईक खेचायला. माझ्या अकलेचं असं दिवाळं.

खालाला हे सगळं सांगितलं तेव्हा ती रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती पांढरीफटक पडली.

"कुणी बघितलं?"

"ठाऊक नाही. किती वेळ चालू होतं तेही ठाऊक नाही."

"एका बाईचा फोटो मी भावाला दिला व्हता," खाला म्हणाली. "ती गेली. जळाली म्हणून सांगितलं सासरच्यांनी. मी फोटो घेऊन तिच्या माहेरी गेले. भावानं बघितला, रडला, आन् माझ्यासमोर चुलीत घातला. घरात दुसरी बहीण लग्नाची व्हती. तवापासून मला माहेरच्या माणसांची जास्त भीती वाटती." मग दाराकडे बघत हळू म्हणाली, "आन् आता तर माझं नाव जोहराबी हाय. कळंबच्या पोराच्या बायकोचा फोटो माझ्या दुकानात. चार जण जमवायला किती वेळ लागतो?"

मी फोटो त्या फोल्डरमधून काढले, दुसरीकडे लपवले. पुसून टाकू का विचारलं तर खाला नको म्हणाली. मी त्यातल्या दोनांचे प्रिंट काढून तिच्याकडे दिले. त्यानंतर रस्त्यावर कुठलीही गाडी थांबली की मी दाराशी जाऊन बघायचे. झेरॉक्सला एक मास्तर आले, त्यांना मी एकच पान चार वेळा काढून दिलं.

दुपार कलताना पांढरी गाडी थांबली. उतरलेला माणूस देखणा होता. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, हसरा. आत येऊन त्याने आधी खालाला वाकून नमस्कार केला.

"आजी, बऱ्या ना? मी आदेश, कळंबचा. खोडदच्या भरतरावांचा जावई." मग माझ्याकडे वळला. "ताई, आमच्या मोहितचा फोन आला व्हता. म्हणला, वहिनींचा फोटो बघितला वारूळवाडीला टीव्हीवर. पुढं काय बोलंना गडी, फोनच ठिवला. म्हणलं बघावं तरी. टीव्ही बंद हाय व्हय?"

मित्राला लाज वाटली असणार. कसला फोटो ते त्याने सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं होतं आणि हा माझ्याशी खेळत होता. त्याच्या तोंडावरून काही म्हणता काही कळेना, आणि तेच भयंकर होतं.

"बिघडलाय टीव्ही," मी म्हटलं. "त्या आल्या होत्या सकाळी. ओळखपत्राचे फोटो काढायला."

"असं? मग द्या की. जाताजाता तिला देतो."

ओळखपत्राचा फोटो होताच कुठे? माझ्याकडे तिचा एकच चेहरा होता, खांद्यावरून वळलेला, ओठ फुटलेला.

"पाच मिनिटं लागतील," मी म्हटलं आणि कॉम्प्युटरसमोर बसले. तो काउंटरवर कोपर टेकून उभा. अजून जरा वाकला असता तर त्याला पडदा दिसला असता.

तेव्हा खाला उठली. काठी टेकत आली आणि त्याचा दंड धरला. "पावणं, असं तोंड कॅमेऱ्यासमोर रोज येत न्हाई. या, बसा. एक फोटो माझ्या हातचा."

"आता कशाला, आजी?"

"बसा म्हणते ना. पैसं न्हाई घेत."

तो हसत स्टुलावर जाऊन बसला. माणूस कितीही मोठा असो, फोटोवाल्याने मान धरली की गप बसतो, हे खालाचं जुनं म्हणणं. तिने थरथरत्या बोटांनी त्याची हनुवटी खाली घेतली, कॉलर नीट केली, खांदा वळवला. "हलू नका. श्वास धरा. न्हाई, हलला तुमी. परत." माझा दुसरा कॅमेरा तिच्या हातात होता आणि तो सुरूसुद्धा केलेला नव्हता. ती हलू नका म्हणत राहिली आणि तो हलला नाही.

तेवढ्या वेळात मी समृद्धीचा चेहरा मानेपासून कापला. स्टुडिओत तयार ब्लाउज, तयार कोट ठेवलेले असतात, त्यातला एक निळा ब्लाउज तिला घातला. मागे पांढरा पडदा टाकला. मग ओठ. चिरलेल्या जागेवर शेजारची कातडी आणून बसवायची, सूज आत घ्यायची, गालावरचा डाग काढायचा. हे काम मी दिवसाला दहा वेळा करते, तारुण्यपिटिका काढते, काळी वर्तुळं काढते. त्या दिवशी मी त्याच माणसाचा मार पुसत होते आणि तो चार हातांवर श्वास धरून बसला होता. मला रडू येत होतं आणि रडायची सोय नव्हती. डोळ्यांचं मात्र काही करता आलं नाही. डोळे होते तसेच राहिले.

प्रिंट काढून दिला. त्याने उजेडात धरला.

"मान तिरकी का?"

"त्यांना तसाच आवडला."

"मंगळसूत्र दिसत न्हाई."

नवा ब्लाउज बसवताना ते गेलं होतं.

"आन् फोटो कशाला लागला म्हणली?"

"बँकेला बहुतेक."

"तिचं बँकेचं मीच बघतो, ताई." तो अजून हसतच होता. "कुठं निघाली हाय का काय बाई? इचारतो की. खोडदलाच चाललोय."

गाडी निघून गेली. तिला वाचवायला म्हणून मी जे खोटं बोलले ते आता त्याच्या खिशात होतं, आणि तो तिच्याकडेच निघाला होता. फोन करायची सोय नाही. भरतरावांचा नंबर नाही.

"पोलिसांत जाऊ, खाला."

"जाऊ. पण पोरीला न इचारता कसं जायचं? आधी खोडद." तिने प्रिंटचं पाकीट ओढणीखाली घेतलं. "रिक्षा बोलव."

"तुला झेपणार आहे का?"

"न झेपून काय करू?"

रिक्षात ती माझ्या हाताला धरून बसली होती. खोडदच्या रस्त्याला एरवी मला त्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या पांढऱ्या तबकड्या बघायला आवडतात. त्या दिवशी मी फक्त पुढे पांढरी गाडी दिसते का ते बघत होते. पोचेपर्यंत त्याने काय केलं असेल, ती बोलली असेल का, बाप काय म्हणाला असेल, हेच डोक्यात. रिक्षावाला सुदर्शन आमच्या ओळखीचा. दोनदा मागे वळून म्हणाला, "काय झालं, ताई? कुणी गेलं का?"

"पुढं बघून चालव," मी खेकसले.

भरतरावांच्या घरासमोर गाडी होतीच. अंगणात आदेश खुर्चीवर बसून चहा पीत होता. भरतराव ओट्यावर, गुडघ्यांवर हात, मान खाली. उंबऱ्याजवळ समृद्धीची बॅग भरून ठेवलेली. समृद्धी भिंतीला टेकून उभी, तिच्यामागे दारात साळुबाई. भरतरावांच्या हातात माझा फोटो होता.

"या ताई, बरं झालं आला," आदेश म्हणाला. "तुमीच सांगा सासऱ्यांना. ही म्हणती मी मारलं. तीन दिस झालं हिला इथं येऊन, मी कळंबला. आन् ह्यो आज सकाळचा फोटो, तुमच्या दुकानातला. ओठ बघा. हाय का काय? म्हंजे जे काय झालं ते आज सकाळनंतर, हितं माहेरात. मी कुणावर आळ घेत न्हाई. पण फोटो खोटं बोलंल का?"

माझ्याच हाताने केलेला ओठ. समृद्धी त्या फोटोकडे बघत होती, मग माझ्याकडे. तिच्या नजरेत काय होतं ते मी सांगू शकत नाही. तिला वाटलं असणार, हीसुद्धा त्याला मिळाली.

"तो फोटो मी बदललाय," मी म्हटलं. "तुम्ही समोर उभे होता म्हणून. भीती वाटली म्हणून. भरतराव, तिचा ओठ फुटलेलाच होता. खरे फोटो आणलेत आम्ही."

खालाने पाकीट काढलं. आदेशने प्रिंट मधल्यामध्ये घेतले, बघितले. मी त्याच्याकडेच बघत होते. त्याचा चेहरा हलला नाही. त्याने ते शांतपणे सासऱ्यापुढे ठेवले.

"घ्या. ताई सोता म्हणत्यात कॉम्प्युटरवर ओठ बदलला. ज्याला पुसता येतं त्याला काळंनिळं भरता येत न्हाई का? कुणी सांगितलं, किती पैसं दिलं, देव जाणे."

भरतराव एका फोटोकडून दुसऱ्याकडे बघायला लागले. पोरीच्या बापाला यातलं एक खोटं असायला हवं होतं, आणि कुठलं असावं असं त्यांना वाटतंय ते मला दिसत होतं. घरात धाकटी होती. आतून तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. मला खालाने सांगितलेली चूल आठवली आणि माझा धीर सुटला. आता भरतराव ती बॅग उचलून देणार, पोर गाडीत बसणार.

"बरोबर बोलला पोरगा," खाला म्हणाली.

मी चमकून बघितलं.

"फोटो खोटं बोलतो. भरत, मी जन्मभर त्याच्याकडून खोटं बोलवून घेतलं. पोरींचे देवीचे व्रण पुसले, काळ्या पोरी गोऱ्या केल्या. तुझ्या लग्नाच्या फोटोत तुझा डोळा सुजला व्हता, गांधीलमाशी चावली व्हती, आठवतं? त्यो पण मीच बारीक केला." ती काठीवर भार टाकून पुढे आली. "म्हणून सांगते, ते दोन्ही कागद ठिव खाली. कागदात काय बघतो? पोरगी तीन दिवस तुझ्या दारात उभी हाय. तिच्याकडं बघ."

भरतरावांनी मान वर केली नाही.

"बघ की रं, भरत," साळुबाई दारातून म्हणाली. "माझ्याकडं माझ्या बापानं न्हाई बघितलं. तू तरी बघ."

आदेश उठला. "चल समृद्धी, उशीर व्हतोय." त्याने तिचा हात धरला, अगदी हळू, प्रेमाने धरतात तसा. आणि समृद्धी दुखून ओरडली. एवढ्या हळू धरलेल्या हाताने कुणी असं ओरडत नाही.

भरतरावांनी वर बघितलं. मग ते बघतच राहिले. समृद्धीने हात सोडवून घेतला, ओढणी काढली, बाही कोपराच्या वर सरकवली, मग मान वळवून कॉलर मागे ओढली. ती रडत नव्हती. दात वाजत होते तिचे. अंगण उघडं, शेजारच्या ओट्यावर दोन बायका येऊन उभ्या राहिलेल्या, आणि ती बापाला पाठ दाखवत होती.

भरतराव ओट्यावरून उतरले. मी डोळे मिटून घेतले, कारण ते कुणाकडे निघालेत ते मला कळलं नव्हतं. डोळे उघडले तेव्हा त्यांनी उंबऱ्यातली बॅग उचलली होती आणि घरात नेऊन ठेवत होते. परत आले आणि जावयासमोर उभे राहिले. माणूस काटकुळा, आदेशच्या खांद्याला लागेल एवढाच.

"पावणं, च्या झाला असंल तर निघा."

"मामा, ह्याचा इचार करा. धाकटीचं—"

"निघा म्हणलं ना."

आदेशने ग्लास खाली ठेवला. जाताना माझ्याजवळून गेला, थांबला. अजूनही हसत होता. "दुकान रोज उघडं असतं ना, ताई? येतो की मी." गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत अंगणात कुणी हललं नाही.

समृद्धी माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता ही मला विचारेल, का पुसलास माझा ओठ. मी हात जोडायच्याच बेतात होते. तिने जमिनीवरचे खरे फोटो उचलले, माती झटकली.

"हे ठेवीत नगं, जोहराबी. माझ्याकडंच राहू द्या. उद्या बाबांना घेऊन पोलिसांत जाते. ताई, तुमी याल? कुणी पुसलं आन् का पुसलं, ते सांगायला?"

ते सांगायचं म्हणजे मी काय केलं ते लिहून द्यायचं, सही करायची, आणि रोज सकाळी शटर वर करताना रस्त्यावर कुठली गाडी थांबली ते बघायचं. मी खालाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती साळुबाईच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती.

"येते," मी म्हटलं. "पण मला लई भीती वाटते गं, समृद्धी."

"मला पण," ती म्हणाली आणि माझा हात धरला.